एल्डन रिंग नव्याने सुरू केलाय? मार्गिटला थोडं थांबू द्या

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने माझ्याकडे एल्डन रिंग सुरू केला आणि पहिल्याच संध्याकाळी घोड्यावरच्या सोनेरी चिलखतवाल्याकडून १४ वेळा मेला. शेवटी कंट्रोलर गादीवर ठेवून म्हणाला, "मामा, हे माझ्या हातचं नाही."

मला फार वाईट वाटलं. २०२२ मध्ये हा गेम आला तेव्हा मीही नेमकं हेच म्हणून तो महिनाभर बंद ठेवला होता. पुन्हा उघडला तेव्हा हात तेच होते, बोटांचा वेगही तोच होता. फक्त मी वेगळ्या वाटेने गेलो आणि सगळं बदललं. नव्याने खेळणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचंय: सुरुवातीला सारखं मरायला होतं त्यात हाताचा दोष थोडाच असतो. बहुतेक वेळा आपण जिथे नंतर जायला हवं तिथे फार लवकर पोहोचलेलो असतो.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यांच्या आधीच्या गेम्ससारखाच इथेही सोपं-मध्यम-अवघड निवडायचा पर्याय सेटिंगमध्ये नाही. तो पर्याय नकाशात आहे. आधी कुठे जाता आणि नंतर कुठे, यावर गेम किती अवघड लागणार ते ठरतं. हे कुणी सांगत नाही, त्यामुळे नवा माणूस समोर दिसेल त्याला भिडतो.

खाली मी ज्या क्रमाने भाच्याला नेलं तोच क्रम लिहितोय. जवळ जाऊन वार करायची शस्त्रं आवडत असतील असं धरून चाललोय. जादूने खेळणाऱ्यांनाही वाट हीच.

पायरी १: बसण्याआधी

पीसीवर खेळणार असाल तर किमान १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० च्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि ६० जीबी जागा लागते. कीबोर्डवरही खेळता येतो, पण नव्याने शिकताना कंट्रोलर घ्याच. मी बटणांची नावं प्लेस्टेशनची देतोय. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर सर्कलच्या जागी बी, बाकीची त्याच जागेवरची.

या गेममध्ये नेहमीसारखं पॉज नाही. मेन्यू उघडला तरी मागे शत्रू चालत असतो. आईने जेवायला हाक मारली, दारावर कुरियरवाला आला, तर सरळ मेन्यूतून गेम बंद करा. तो स्वतः सेव्ह होतो आणि परत आलात की होता तिथेच उभे असता. हे आधीच माहीत असलं तर अर्धी धावपळ वाचते.

इंटरनेट जोडलेलं असेल तर जमिनीवर इतर खेळाडूंनी लिहिलेले निरोप आणि रक्ताचे डाग दिसतील. डागाला हात लावला की तो खेळाडू तिथे कसा मेला ते लाल सावलीच्या रूपात दिसतं. कड्याच्या तोंडाशी चार-पाच डाग दिसले तर पाय मागे घ्या. निरोपांवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकू नका. "पुढे खजिना" लिहिलेल्या जागी दरीही असू शकते. दुसरा खेळाडू येऊन आपल्याला मारेल ही भीती अनेकांना असते. तुम्ही स्वतः कुणाला मदतीला बोलावलं नाही, तर साधारणपणे कुणी तुमच्या जगात घुसत नाही.

पायरी २: पात्र कोणतं घ्यायचं

एकूण १० पात्रं आहेत. नवख्याने वॅगाबाँड घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं व्हिगर १५ पासून सुरू होतं, म्हणजे तो जरा जास्त मार सोसतो, आणि त्याच्या ढालीवर साधा घाव पूर्ण अडतो. समुराईही चांगला, त्याची तलवार रक्तस्राव करते आणि सोबत धनुष्य मिळतं. लांबून जादू मारायची असेल तर अॅस्ट्रॉलॉजर. रेच मात्र घेऊ नका. लेव्हल १, अंगावर कपडे नाहीत, हातात सोटा. ज्याला गेम तोंडपाठ आहे त्याच्यासाठी आहे तो.

सोबतीला एक भेटवस्तू निवडायची असते. गोल्डन सीड घ्या. औषधाची एक कुपी पहिल्या दिवसापासून वाढते आणि सुरुवातीला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

निवडीवर तासभर घालवू नका. बऱ्याच पुढे, राया लुकारियाच्या विद्यापीठात रेनाला नावाची राणी भेटते. तिच्यापाशी लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळे गुण नव्याने वाटून घेता येतात.

पायरी ३: पहिला मृत्यू मोजू नका

गेम सुरू होताच एका पडक्या प्रार्थनाघरातून बाहेर पडलात की अनेक हातांचा एक राक्षस अंगावर येतो. तो तुम्हाला मारणार. तशीच योजना आहे. त्यातून काही नुकसान होत नाही, कथा पुढे सरकते.

नंतर जाग येते ती एका थडग्यांच्या गुहेत. तिथे खुर्चीवर एक भूत बसलेलं असतं आणि त्याच्या शेजारी खाली एक खड्डा असतो. त्या खड्ड्यात उडी मारा. भीती वाटते, पण काही होत नाही. ती शिकण्याची गुहा आहे. हल्ला, ढाल, मागून वार, सगळं तिथे एकेक करून शिकवतात. गंमत म्हणजे हा भाग सक्तीचा नाही, त्यामुळे कित्येक जण तो न बघताच वर जातात आणि पुढे महिनाभर ढाल कशी वापरायची ते शोधत बसतात.

वर आल्यावर एक धुक्याने बंद केलेलं दार दिसेल, त्याला दोन दगडी चाव्या लागतात. चाव्या असल्या तरी आत्ता आत जाऊ नका.

पायरी ४: रोलवर हात बसवा

बाकी सगळं वाचून विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

सर्कल दाबून धरलं की पात्र धावतं. त्यामुळे गेमला बटण दाबल्याक्षणी कळत नाही की तुम्हाला धावायचंय की लोळायचंय. रोल होतो तो बटण *सोडल्यावर*. भाच्याचा अंगठा मी बघत होतो. शत्रूची तलवार येताना तो घाबरून बटण घट्ट दाबून धरायचा आणि पात्र जागीच उभं राहायचं. "बटण ऐकत नाही," म्हणायचा. मी म्हटलं, टिचकी मार, दाबू नकोस. पाच मिनिटांत फरक पडला.

दुसरी गोष्ट, बटण बडवू नका. तुम्ही घाबरून चार वेळा सर्कल मारलंत, तर पहिला रोल चालू असतानाच पुढचा नोंदवला जातो आणि पात्र नको तिथे आणखी एकदा लोळतं. तेवढ्यात हिरवी पट्टी, म्हणजे पात्राचा दम, संपते. एक घाव, एक रोल. मग थांबून बघा.

तिसरी गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. रोल मागे मारायचा नसतो. रोलच्या सुरुवातीच्या क्षणी तुमच्या अंगाला काहीच लागत नाही. त्यामुळे घाव येत असताना त्याच्या आतून, शत्रूच्या दिशेने किंवा बाजूला लोळायचं. मागे गेलात तर तलवारीचं टोक जिथे पोहोचतं नेमके तिथेच उभे राहता. पुढे लोळलात तर शत्रूच्या बगलेत निघता आणि त्याची पाठ समोर असते.

हे सगळं एका साध्या सैनिकावर शिका. ग्रेसजवळ, म्हणजे जमिनीतून सोनेरी प्रकाश येतो आणि जिथे बसून आराम करता येतो अशा जागेजवळ, एकटा सैनिक शोधा. आर-३ ने (उजवी काडी आत दाबून) त्याच्यावर लॉक करा, म्हणजे नजर त्याच्यावरच खिळते, आणि दहा मिनिटं त्याला अजिबात मारू नका. फक्त चुकवा. मग ढाल धरून घाव अडवा आणि अडवल्याबरोबर आर-२ दाबा. याला गार्ड काउंटर म्हणतात. त्या एका जड घावाने साधे सैनिक बहुतेकदा कोलमडतात. हे बसलं की पहिल्या दहा-पंधरा तासांचा खेळ अर्धा सोपा झाला म्हणून समजा.

आणि हाव धरू नका. कबड्डीत चढाई करणारा एक गडी मारून रेषेकडे पळतो. दुसऱ्यासाठी थांबला की पकडला जातो. इथेही तेच. दोन घाव, मग मागे.

पायरी ५: सोनेरी सरदाराला वळसा

लिफ्टने वर आलात की लिमग्रेव्हचं मोकळं मैदान दिसतं. समोरच घोड्यावर भाला-परशू घेऊन ट्री सेंटिनेल फिरतोय. भाचा याच्याशीच १४ वेळा लढला. त्याला तिथे ठेवलंय ते तुम्ही त्याला टाळावं म्हणून. झाडांच्या बाजूने लांबून वळसा घाला. लेव्हल ३० ला घोड्यावर बसून परत या, फार छान लढाई होते.

त्याच्यापलीकडे चर्च ऑफ एलेह. तिथे कॅले नावाचा फिरता व्यापारी शेकोटीपाशी बसलेला असतो. त्याच्याकडून ३०० रून्सचं (शत्रू मारले की मिळणारं चलन) क्राफ्टिंग किट, म्हणजे वस्तू बनवायचं साहित्य, घ्या. त्याच चर्चमध्ये एक ऐरण आहे, ती लक्षात ठेवा.

पुढे रस्त्याने उत्तरेला गेटफ्रंटचे अवशेष लागतात. तिथल्या ग्रेसपाशी बसलात की मेलिना येते. तिच्याशी करार केला की दोन गोष्टी मिळतात: रून्स देऊन लेव्हल वाढवायची सोय आणि टॉरेंट नावाचा घोडा. तोपर्यंत लेव्हल वाढतच नाही, म्हणून आधी वाटेत फार लढत बसू नका. जवळच रस्त्याकडेच्या दगडी खांबापाशी पश्चिम लिमग्रेव्हचा नकाशा आहे. नकाशा उघडल्यावर काळपट भागात खांबाचं बारीक चिन्ह दिसतं. तिथे त्या भागाचा नकाशा मिळतो.

गेटफ्रंटच्या छावणीत सैनिक बरेच आहेत आणि एक तुतारी वाजवून सगळ्यांना जमवतो. वाकून चाला (एल-३, म्हणजे डावी काडी आत दाबून), आधी तुतारीवाल्याला मागून गाठा. तळघरात व्हेटस्टोन नाइफ आहे. तो घेतला की हत्यारांना वेगवेगळी कौशल्यं लावता येतात.

आता एकदा मागे, चर्च ऑफ एलेहला जा. घोडा मिळाल्यावर तिथे पडक्या भिंतीवर मोठी टोपी घातलेली एक बाई बसलेली दिसते, नाव सांगते रेन्ना. ती एक घंटा आणि लढाईत मदतीला बोलावता येणारे तीन लांडग्यांचे आत्मे देते. तेवढ्यासाठी मागे जायला अनेक जण कंटाळतात. कंटाळू नका, हे तीन लांडगे पुढे मार्गिट या मोठ्या शत्रूपाशी तुमचा जीव वाचवणार आहेत. चुकून राहिलंच, तर पुढे राउंडटेबल होल्डमध्ये जुळ्या बायकांच्या दुकानात ते विकत मिळतात.

पायरी ६: रून्स कशावर घालवायचे

मेलात की सगळे रून्स मेल्या जागी पडतात. परत जाऊन उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. म्हणून लेव्हल वाढवण्याएवढे जमले की ग्रेसवर जा आणि वापरा. खिशात ठेवून अनोळखी गुहेत उतरू नका. गेलेच तर हळहळू नका. सुरुवातीचे दोन-तीन हजार रून्स पुढे एका शत्रूमागे मिळतात.

वॅगाबाँड ९ व्या लेव्हलला सुरू होतो. २५ पर्यंत १६ गुण वाटायला मिळतात. माझी वाटणी अशी: १० व्हिगरला, ४ एन्ड्युरन्सला (दम आणि वजन पेलणं), २ स्ट्रेंग्थला (ताकद). नवा माणूस उलटं करतो. जास्त जोराने मारलं की लवकर संपेल, असं वाटून सगळं स्ट्रेंग्थला टाकतो आणि दोन घावांत मरतो. व्हिगर म्हणजे चुकायची मुभा. एका घावात मेलात तर त्या घावातून शिकायलाही मिळत नाही.

मग जोर कुठून येतो? हत्याराला धार लावण्यातून. स्मिथिंग स्टोन गोळा करा आणि चर्च ऑफ एलेहमधल्या त्याच ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत न्या. त्यासाठी पहिल्या प्रतीचे २, मग ४, मग ६, असे एकूण १२ दगड लागतात. आगील तलावाच्या उत्तर काठाला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण आहे, तिथे भिंतींत हे दगड चमकताना दिसतात. खाणकामगारांची कातडी दगडासारखी कठीण असते, त्यांच्यावर तलवारीचं पातं घसरतं. सोटा चांगला लागतो. +३ हत्यार आणि साधं हत्यार यांतला फरक पहिल्याच घावाला कळतो.

आता वजन. सामानाच्या पानावर इक्विप लोड, म्हणजे अंगावरचं एकूण वजन, बघा. ७० टक्क्यांच्या वर गेलं की पात्र धपकन लोळतं आणि चौथ्या पायरीतलं सगळं शिकणं वाया जातं. तिथे "हेवी" दिसत असेल तर वॅगाबाँडचा भाला-परशू काढून ठेवा. सुंदर चिलखतापेक्षा हलका रोल कधीही बरा.

पायरी ७: दक्षिणेला जा

ग्रेसमधून एक सोनेरी रेघ निघते आणि पुढची दिशा दाखवते. सुरुवातीच्या भागात ती रेघ सरळ स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे जाते, आणि किल्ल्याच्या दारात मार्गिट उभा असतो. रेघ मुख्य कथेची दिशा दाखवते. तुमची तयारी झाली आहे की नाही, ते तिला माहीत नसतं. बहुतेक नवे खेळाडू इथेच अडकतात. रेघ धरून तासाभरात मार्गिटपाशी पोहोचतात आणि पुढे दोन आठवडे तिथेच.

तुम्ही उलट दिशेला जा. नकाशावर लिमग्रेव्हच्या दक्षिणेला एक पूल आहे, तो ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला. सतत पाऊस भुरभुरणारा, हिरवा, उदास प्रदेश. मला अख्ख्या गेममधला हा भाग सगळ्यात आवडतो. आषाढातल्या एखाद्या घाटमाथ्यावरून फिरल्यासारखं वाटतं, कुणी घाई करत नाही. इथे तीन पडक्या चर्चमध्ये एकेक सेक्रेड टिअर आहे: चर्च ऑफ पिलग्रिमेज, कॅलू बाप्टिस्मल चर्च आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका. चौथा लिमग्रेव्हमध्येच, पूर्वेकडच्या थर्ड चर्च ऑफ मारिकात. तो ग्रेसवर वापरला की तुमची प्रत्येक कुपी जास्त रक्त भरून देते. थर्ड चर्चमध्ये आणखी एक खास कुपीही मिळते, तिच्यात दोन थेंब मिसळून आपल्याला हवं तसं औषध करता येतं.

वाटेत रस्त्याकडेला सोनेरी झगमगणारं रोपटं दिसलं की थांबा. त्याच्या बुंध्याशी गोल्डन सीड असतं आणि त्याने कुप्यांची संख्या वाढते. कुप्या लाल (रक्तासाठी) आणि निळ्यात (एफपी, म्हणजे जादूच्या ताकदीसाठी) कशा वाटायच्या तेही ग्रेसवर ठरवता येतं. तलवारीने खेळत असाल तर निळी एकच पुरे.

द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला कॅसल मोर्न. किल्ल्यात क्लेमोर नावाची लांब तलवार आहे. तिला स्ट्रेंग्थ १६ आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) १३ लागते. वॅगाबाँडला नेमके ते दोन गुण कमी पडतात, म्हणून मी वर दोन गुण बाजूला ठेवायला सांगितले. किल्ल्याच्या मागे, समुद्रकाठी सिंहाच्या तोंडाचा एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे. तो वेगवान आहे, उड्या मारतो. पहिल्या तीन-चार वेळा मराल. मग एक दिवस त्याच्या उडीखालून आपोआप पुढे लोळाल आणि कळेल की हात बसला.

घोड्यावरून जाताना स्टॉर्महिलच्या चढावर मोठाले ट्रोल दिसतील. त्यांच्या पायांभोवती गोल फिरत घोड्यावरूनच घाव घाला, ते पाय उचलतात तेव्हा लांब पळा. एकेक ट्रोल १००० रून्स देतो आणि घोडा हाताळायची सवयही होते. तिथल्या झोपडीत लाल डगला घातलेली रोडेरिका भेटेल, तिच्याशी बोलायचं थांबवू नका. ती जेलीफिशचा आत्मा देते.

पायरी ८: कुठे जायचं नाही

ड्रॅगन-बर्न्ट रुइन्स या जळक्या अवशेषांत तळघरात एक पेटी आहे. उघडलीत की धूर निघतो आणि तुम्ही केलिड नावाच्या प्रदेशातल्या एका स्फटिकांच्या खाणीत जाऊन पडता. तिथले शत्रू तुमच्या झेपेच्या फार बाहेरचे असतात आणि खाणीतून ग्रेसने लगेच परतही येता येत नाही. पडलातच तर लढू नका, वाकून चालत तोंडापर्यंत पोहोचा, बाहेर निघा, नकाशा उघडा आणि थेट लिमग्रेव्हला परत या.

पूर्वेला माती लाल आणि आकाश सडल्यासारखं दिसायला लागलं की ते केलिड. मागे फिरा. आगील तलावात पाय टाकलात की वरून ड्रॅगन उतरतो. बघायला भव्य आहे, बघा आणि घोड्यावर टाच मारा.

एखाद्या शत्रूवर तुमचे पाच घाव पडूनही पट्टी जेमतेम हलत असेल, तर ती खूण ओळखा. ती जागा नंतरची आहे. उठून दुसरीकडे जाण्यात हार नाही. हा गेम तसाच खेळायला बनवलाय.

पायरी ९: आता मार्गिट

लेव्हल २५ च्या आसपास, हत्यार +३, व्हिगर २५, कुप्या सहा-सात. आता त्या सोनेरी रेघेमागे जा.

मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेस नावाचा टकल्या भेटतो. आधी तो दगा देतो, मारहाण करतो, शरण आला की त्याला जिवंत सोडा. मग तो दुकान मांडतो आणि ५००० रून्सना मार्गिट्स शॅकल विकतो. लढाईच्या पहिल्या भागात ती वापरली की मार्गिट क्षणभर जमिनीला जखडला जातो, आणि असं दोनदा करता येतं. महाग आहे, पण घ्या.

धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी अक्षरांची खूण दिसेल, ती रोजिअर या मदतीला येणाऱ्या पात्राची. त्याला बोलवा. आत शिरल्या शिरल्या लांडगे सोडा. त्यांना ५५ एफपी लागतात. आत्मे कुठेही बोलावता येत नाहीत, डाव्या बाजूला लहानसं थडग्याचं चिन्ह दिसलं तरच येतात. इथे ते दिसतं.

मार्गिट लांबलचक काठी उचलतो आणि वरच धरून ठेवतो. त्यालाच सगळे फसतात. काठी वर गेली की अंगठा हलतो, रोल होतो, तुम्ही उठता, आणि *तेव्हा* काठी खाली येते. क्रिकेट खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. हा स्लोअर बॉल आहे. गोलंदाजाच्या हाताकडे बघून बॅट फिरवली तर चुकते, चेंडू टप्पा पडेपर्यंत थांबावं लागतं. भाच्याला मी म्हटलं, काठीकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. खांदा खाली सुटला की मग रोल. पुढच्या पाच प्रयत्नांत त्याने एकही घाव घातला नाही, फक्त खांदा बघितला. सहाव्या वेळी मार्गिटची पट्टी अर्ध्याच्या खाली आली.

आणखी तीन गोष्टी. लांब जाऊन कुपी प्यायलात की तो प्रकाशाचे खंजीर फेकतो. म्हणून त्याचा मोठा घाव संपल्यावर, तो लांडग्यांकडे वळलेला असताना प्या. पुलाच्या कडांपासून दूर राहा, खाली दरी आहे. रक्त कमी झालं की त्याच्या हातात प्रकाशाचा हातोडा येतो आणि तो उंच उडी घेतो. उडी घेतली की मागे पळू नका, त्याच्या खालून पुढे लोळा.

भाच्याने त्याला भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेअकराला पाडलं. काही बोलला नाही. उठून स्वयंपाकघरात गेला, तांब्याभर पाणी प्यायला आणि परत येऊन म्हणाला, "पुढे काय आहे?"

पुढे किल्ला आहे. दारातच गोस्टॉक नावाचा पहारेकरी बसलेला असतो. सांगितलं तर तो मोठा दरवाजा उघडून देतो. सांगू नका. दरवाजाआड बाणांचा पाऊस आहे. बाजूच्या खोलीतल्या भिंतीला भगदाड आहे, तिथून कड्याला लागून आत जा. गोस्टॉकवर फार विसंबू नका, तुम्ही किल्ल्यात मेलात की तुमच्या रून्समधला वाटा तो चोरून नेतो.